मांधाता: नदीतल्या बेटावर एक दिवस

खानदेशाला समुद्र नाही. त्यामुळे बेट म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी मुंबई येते. गेटवेवरून सुटणारी घारापुरीची लाँच किंवा फार तर मुरूडचा जंजिरा. त्यासाठी रात्रभर रेल्वेत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, पुढची गर्दी सोसायची. पण भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून पहाटे गाडी काढली, तर जेवणाच्या वेळेच्या बऱ्याच आधी ज्या बेटावर पाय ठेवता येतो, ते पश्चिमेला समुद्रात नाही. ते उत्तरेला, सातपुड्यापलीकडे, नर्मदेच्या पात्रात आहे. त्याचं नाव मांधाता. लोक त्याला ओंकारेश्वर म्हणूनच ओळखतात.

भुसावळ, वरणगाव, सावदा, रावेर या पट्ट्यात असं घर सापडणं अवघड, जिथलं कुणी ना कुणी ओंकारेश्वरला जाऊन आलेलं नाही. पूल ओलांडायचा, रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, प्रसाद बांधून घ्यायचा आणि उजेड आहे तोवर महेश्वर किंवा उज्जैन गाठायचं, असा बेत ठरलेला. या घाईत आपण एका बेटावर जाऊन आलो, हेच कित्येकांच्या लक्षात येत नाही. देऊळ पाहिलेलं असतं, बेट पाहायचं राहून गेलेलं असतं. म्हणून या प्रकरणात मी एकच आग्रह धरणार आहे. एक अख्खा दिवस मांधाताला द्यावा, आणि तो दिवस बेटाभोवती पायी चालण्यात घालवावा.

दीपनगरहून ओंकारेश्वर रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. एका बाजूने चार ते साडेचार तास धरावेत, म्हणजे साडेचार-पाचला निघायला हवं. रेल्वेने जायचं तर भुसावळहून खंडवा आणि तिथून एसटीसारख्या बसने किंवा जीपने पुढे. रस्ता मात्र स्वतःच एक धडा आहे. मुक्ताईनगरवरून इच्छापूरमार्गे आपण मध्य प्रदेशात शिरतो, तरी बराच वेळ काहीच बदलत नाही. तीच काळी जमीन, त्याच केळीच्या बागा, टपरीवर मराठी समजणारा माणूस. याचं कारण सरळ आहे. तापीचा पूल ओलांडून आपण ज्या बुऱ्हाणपुरात येतो, ती खानदेशची जुनी राजधानी. फारुकी सुलतानांनी इथून दोनशे वर्षं खानदेशावर राज्य केलं. त्यांचा आधार होता पुढे वीस किलोमीटरवर दिसणारा असीरगड. १६०१ मध्ये अकबराच्या फौजेने तो घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. शहाजहानची बेगम मुमताज महल १६३१ मध्ये गेली, ती आग्र्यात नव्हे, बुऱ्हाणपुरात. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं होतं. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे, मांधाताच्या दिवशी तिथं उतरू नये. उतरलात तर बेटावर पोचेपर्यंत दगड तापलेले असतील.

असीरगडाच्या पायथ्याशी रस्ता सातपुड्यात चढतो आणि उतरतो तो नर्मदेच्या खोऱ्यात. आपल्या भागातल्या मुलांना भूगोलात शिकवतात की भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात आणि नर्मदा-तापी तेवढ्या पश्चिमेला. पुस्तकातल्या त्या वाक्याचा अर्थ या रस्त्यावर कळतो. नर्मदा आणि तापी दोन्ही जमीन खचून झालेल्या लांबट दऱ्यांमधून वाहतात आणि सातपुडा हा त्यांच्यामधला उंच राहिलेला पट्टा. मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर धावते, अमरकंटकची नर्मदा १,३१२. सकाळी घरून निघताना मागे टाकलेली नदी आणि दुपारी ज्या नदीत आपण पाय बुडवणार ती, या दोघी एकाच भूगर्भीय घडामोडीतून आलेल्या बहिणी आहेत.

फरक दगडात आहे. आपला दगड काळा, लाव्हाचा. भुसावळच्या परिसरात कुठंही खणा, मुरूम आणि मग काळा कातळ. ओंकारेश्वरजवळ मात्र लाव्हाखालचे कितीतरी जुने गाळाचे खडक उघडे पडले आहेत. घट्ट, क्वार्टझाइटसारखे वालुकाश्म आणि त्यांच्यात मऊ सिल्टस्टोनचे पातळ थर. नदीला असा कणखर खडक आडवा आला की ती सहजासहजी त्याला कापत नाही. नर्मदेच्या वाटेत इथं अशाच खडकाची एक टेकडी उभी राहिली आणि पाणी तिच्या दोन्ही अंगांनी वाहू लागलं. मांधाता म्हणजे ही टेकडी. सुमारे चार किलोमीटर लांब. तापीत उन्हाळ्यात जी वाळूची बेटं वर येतात आणि पहिल्या पुरात वाहून जातात, तसं हे बेट नाही. याचा पाया खडकात आहे.

दक्षिणेकडच्या मोठ्या, खोल प्रवाहाला सगळेच नर्मदा म्हणतात. उत्तरेकडच्या अरुंद प्रवाहाला मात्र तिथले लोक कावेरी म्हणतात आणि त्यामागची समजूत फार सुंदर आहे. कावेरी नावाची एक लहान नदी बेटाच्या वरच्या अंगाला दक्षिणेकडून नर्मदेला मिळते. परंपरा सांगते की ती नर्मदेत विरघळत नाही. ती नर्मदेच्या पात्रातून तशीच आरपार जाते, बेटाच्या टोकाशी उत्तरेकडून वेगळी निघते, बेटाला वळसा घालते आणि पश्चिमेच्या टोकाला पुन्हा नर्मदेला भेटते. म्हणजे एकाच नदीचे दोन संगम आणि त्या दोन संगमांच्या मध्ये हे बेट. जलशास्त्राच्या दृष्टीने उत्तरेचा प्रवाह हा नर्मदेचाच फाटा आहे. पण ही गोष्ट ज्यांनी रचली, त्यांनी बेट नीट पाहिलं होतं यात शंका नाही. बेट व्हायला दुसरा प्रवाह लागतो, हे त्यांनी हेरलं आणि त्या दुसऱ्या प्रवाहाला स्वतःचं नाव, स्वतःचं मूळ दिलं. संगमाला जाल तेव्हा दोन्ही पाण्यांचा रंग निरखून पाहा. दिवसागणिक तो वेगळा असतो.

मांधाता हे बेट आहे ही गोष्ट सगळ्यांत काटेकोरपणे कुणी पाळत असेल, तर ते परिक्रमावासी. नर्मदेची पायी परिक्रमा अडीच हजार किलोमीटरहून लांब. महाराष्ट्रातून ती करणारे आता इतके झाले आहेत की काठच्या आश्रमांत मराठी हमखास कानावर पडते. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि परिक्रमा पुरी होईपर्यंत ती कुठंही ओलांडायची नाही, हा तिचा मूळ नियम. आता विचार करा. बहुसंख्य मराठी परिक्रमावासी संकल्प सोडतात तो ओंकारेश्वरलाच, पण ओंकारेश्वराचं देऊळ नदीच्या मधोमध बेटावर आहे. तिथं जायचं तर नर्मदेची धार ओलांडावी लागते. म्हणून संकल्प केलेला माणूस पुलावर पाऊल ठेवत नाही. तो दक्षिण तीरावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेतो आणि चालू लागतो. महिन्यांनी किंवा वर्षांनी फेरी पुरी करून तो पुन्हा त्याच घाटावर येतो आणि मगच बेटावर जाऊन ओंकारेश्वराला नर्मदेचं पाणी वाहतो. पुलावरून ये-जा करणाऱ्या हजारो यात्रेकरूंच्या बाजूला, काठी-कमंडलू घेऊन अलीकडच्याच तीरावर थांबलेला एखादा पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला, तर त्याच्या थांबण्याचं कारण हे आहे. त्याला "नर्मदे हर" म्हणावं, तोही म्हणेल.

आपल्याला ते बंधन नाही, तरी सुरुवात दक्षिण तीरावरच्या ममलेश्वरापासूनच करावी. याचं जुनं नाव अमरेश्वर. बहुतेक जण याला ओंकारेश्वराचं दुय्यम देऊळ समजून वगळतात किंवा परतताना दोन मिनिटं डोकावतात. खरं तर इथल्या इतिहासाचा सगळ्यांत भक्कम पुरावा याच भिंतींवर आहे. परमार राजा जयसिंह याचा १०५५ सालचा मांधाता ताम्रपट प्रसिद्ध आहे आणि त्यात दान मिळालेले ब्राह्मण अमरेश्वराचे आहेत. देवळाच्या भिंतीवर १०६३ सालचा कोरीव लेख आहे आणि त्यात चक्क शिवमहिम्न स्तोत्र आहे. आपल्याकडे कित्येक घरांत सोमवारी, शिवरात्रीला जे महिम्न म्हणतात, तेच. साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाने ते छिन्नीने अक्षर अक्षर उतरवलं. ज्यांना महिम्न पाठ आहे त्यांनी तो लेख जरूर शोधावा. लिपी जुनी आहे, पण थोडा वेळ नजर स्थिरावली की ओळखीची अक्षरं सापडू लागतात. हे देऊळ आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पार्थिव शिवलिंगांच्या रोजच्या पूजेची अहिल्याबाई होळकरांच्या काळापासूनची परंपराही इथलीच.

तिथून बेटावर जायला दोन पूल आहेत, एक साधा आणि एक झुलता. माझं मत नावेच्या बाजूने आहे. पुलावरून गेलं की आपण एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेल्यासारखं वाटतं. नाव घाट सोडून मध्यावर येते, तेव्हा मात्र समोर उभी टेकडी, तिच्या कडेला चिकटलेली घरं, पांढरं शिखर आणि खाली उतरणाऱ्या घाटाच्या पायऱ्या एकदम नजरेत येतात आणि आपण कुठं चाललो आहोत ते कळतं. नावाड्याशी भाडं आधीच पक्कं करावं. फक्त पलीकडे सोडायचं की संगमापर्यंत फिरवून आणायचं, हेही स्पष्ट बोलून घ्यावं.

ओंकारेश्वराच्या देवळाबद्दल बाकीची पुस्तकं भरभरून सांगतात, म्हणून मी थोडक्यात उरकतो. देऊळ पाच मजली आहे आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा देव. सभामंडपाचे कोरीव दगडी खांब जुने आहेत, गर्दीत मान वर करून ते पाहायला विसरू नये. मुख्य लिंग शिखराच्या बरोबर खाली नाही, बाजूला आहे. रात्रीच्या शेजारतीनंतर गाभाऱ्यात शंकर-पार्वतीसाठी सारीपाट मांडून ठेवतात. शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंदपाद भेटले ती गुहा म्हणून जी दाखवतात, तीही इथंच. देवळात साधारण तासाभराच्या वर वेळ जाणार असेल तर आधी प्रदक्षिणा आटपावी आणि दर्शन दुपारी घ्यावं. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि अमावास्या या दिवशी मात्र हा बेतच करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चालायला उत्तम.

बेटाची प्रदक्षिणा सुमारे सात किलोमीटरची आहे. रमतगमत तीन तास. देवळापासून पश्चिमेकडे निघायचं, म्हणजे टेकडी उजव्या हाताला आणि नर्मदा डाव्या हाताला राहते. पहिला टप्पा सपाट आहे. वाटेवर ठिकठिकाणी गीतेचे श्लोक लिहिलेले आहेत, आश्रम आहेत आणि वानरांची मोठी फौज आहे. हातात पिशवी लोंबकळू देऊ नका. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून.

पश्चिमेचं टोक म्हणजे संगम. इथं गोंगाट थांबतो. दोन प्रवाह एकत्र येतात तिथं खडकांची रांग पाण्यात उतरलेली आहे. जवळच ऋणमुक्तेश्वराचं देऊळ आहे आणि तिथं हरभऱ्याची डाळ वाहतात. कर्ज फिटावं म्हणून. कापूस आणि केळीच्या भावावर ज्यांचं वर्ष तोललेलं असतं, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांची इथं थोडी जास्तच वर्दळ दिसली तर नवल नाही. गाभाऱ्यात साचलेला पिवळ्या डाळीचा ढीग पाहिला की नवस बोलणाऱ्या माणसांची संख्या वेगळी मोजावी लागत नाही.

संगमापासून वाट चढू लागते. टेकडीच्या माथ्यावर गौरी-सोमनाथाचं देऊळ लागतं. परमार काळातलं, उंच, जाडजूड भिंतींचं. आतलं शिवलिंग एवढं प्रचंड आहे की एका माणसाच्या कवेत ते मावत नाही. मामा आणि भाचा यांनी मिळून मिठी मारली तरच हात जुळतात, असं इथं सांगतात. त्यामुळे मामासोबत आलेल्या पोरांना इथं हमखास उभं केलं जातं. पूर्वी हे लिंग पांढरं होतं आणि त्यात पाहणाऱ्याला आपला पुढचा जन्म दिसे, औरंगजेबाने पाहिलं तेव्हा त्याला डुक्कर दिसलं, त्याने रागाने आग लावली आणि लिंग काळं पडलं, अशी कथा तिथले पुजारी रंगवून सांगतात. कथा ऐकावी, पण देवळाची बांधणीही पाहावी. भिंतीत काढलेल्या जिन्याने वर गेलं की बेटाची दोन्ही अंगं दिसतात. एकीकडे रुंद नर्मदा, दुसरीकडे खडकांमधून वाट काढणारी कावेरी. बेट डोळ्यांनी पहिल्यांदा पुरतं दिसतं ते इथून.

पुढे पडक्या तटाच्या वेशी लागतात. ही टेकडी एके काळी किल्लेबंद वस्ती होती. वेशींवरच्या मूर्तींना लोक भीम-अर्जुन म्हणतात. आता टेकडीवर नजरेत सगळ्यांत आधी भरतो तो मात्र बाल शंकराचार्यांचा १०८ फुटी धातूचा पुतळा. २१ सप्टेंबर २०२३ रोजी त्याचं अनावरण झालं. मराठी वाचकाला त्यात एक आपलेपणाची गोष्ट आहे. मूळ चित्र मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांचं आणि शिल्पकार सोलापूरचे भगवान रामपुरे. बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा इतक्या मोठ्या आकारात कोवळा ठेवणं सोपं नाही, रामपुऱ्यांनी ते साधलं आहे. तरीही मला वाटतं, एवढ्याशा बेटाच्या डोंगरावर याहून जास्त बांधकाम आता होऊ नये. मांधाताचं वजन त्याच्या खडकात आणि झाडीत आहे.

आणि मग सिद्धनाथ. दिवसभरात एकच जागा निवांत पाहायची तर मी ही निवडेन. देवळाचं शिखर नाही. उरलेत ते गाभारा, चारी दिशांना मंडप आणि उंच खांब. पण खाली बघा. अख्खा चौथरा हत्तींनी वेढलेला आहे. माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच हत्ती, जोडीजोडीने कोरलेले आणि एका जोडीसारखी दुसरी नाही. एक हत्ती सोंड दुसऱ्याच्या सोंडेत अडकवून रेटतो आहे, एकाने पाय उचलून धरला आहे, कुणाच्या पायाखाली माणूस आहे. पाथरवटाने हत्ती रोज जवळून पाहिले असणार. पायाच्या वळ्या आणि कानामागची चामडी अशी कोरलेली आहे की हात लावल्याशिवाय राहवत नाही. पिवळसर दगड उन्हात तापलेला असतो. बरेच चेहरे फुटले आहेत, तरी अंगांचा जोर शाबूत आहे. इथं डबा उघडायला सावलीही मिळते.

पूर्वेच्या टोकाचा कडा उभा नर्मदेत तुटतो. या कड्यावरून उडी घेऊन देह टाकण्याची प्रथा जुन्या काळी होती. १८२४ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर ती थांबली. आता याच बाजूने समोर दिसतं ते ओंकारेश्वर धरण.

दीपनगरच्या माणसाला या धरणापाशी उभं राहिल्यावर मनात आपोआप हिशोब सुरू होईल. आपल्याकडे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. २००७ मध्ये सुरू झालेल्या या धरणाची क्षमता ६५ मेगावॅटचे आठ संच मिळून ५२०. म्हणजे इथली अख्खी नदी आपल्या एका संचाला पुरून थोडीच उरते. पण दोन्हींचं काम वेगळं. कोळशाचा बॉयलर थंड पडला की पुन्हा तापवून संच जाळ्याला जोडायला कित्येक तास जातात, म्हणून तो शक्यतो सतत चालवतात. पाण्याचा संच काही मिनिटांत सुरू होतो आणि तेवढ्याच चटकन बंद करता येतो. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, मागणी उसळते, तेव्हा असे संच उपयोगी पडतात. याच धरणाच्या जलाशयावर आता तरंगते सौर पॅनेलही आहेत. ६०० मेगावॅटच्या त्या योजनेतून २०२४ पासून वीज मिळू लागली.

हा तांत्रिक तपशील मी सहलीच्या प्रकरणात घातला, कारण त्याच्याशी आपल्या जिवाची गाठ आहे. संच सुरू झाले किंवा दरवाजे उघडले की खालच्या घाटांवर पाणी झपाट्याने चढतं. आभाळ निरभ्र असताना चढतं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण तापीकाठी जात नाही, ती सावधगिरी इथं कोरड्या हिवाळ्यातही बाळगावी लागते. ७ एप्रिल २००५ रोजी, भुताडी अमावास्येला, इथून वरच्या बाजूला धाराजीच्या यात्रेत नर्मदेच्या पात्रात लोक उतरले होते. इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी आलं आणि साठाहून अधिक माणसं वाहून गेली. म्हणून धरणाचा भोंगा वाजला की तत्क्षणी पायऱ्या चढायच्या, घाटाच्या साखळ्यांपलीकडे पोहायला जायचं नाही आणि पात्रातल्या खडकांवर फोटोसाठी बसायचं नाही.

धाराजीचं आणखी एक नातं आपल्या घरांशी आहे. तुमच्या देवघरात शाळीग्रामाशेजारी गुळगुळीत, लांबट दगडाचा बाण असेल तर तो नर्मदेचा. धाराजीच्या धबधब्याखालच्या कुंडात प्रवाहाबरोबर फिरणारे दगड घासून घासून असे आकाराला येत आणि पिढ्यान्पिढ्या बाण तिथून येत. ते कुंड आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे. आज दुकानांत मिळणारे बहुतेक बाण नर्मदाकाठच्या बकावां गावात यंत्रावर घासून तयार होतात. दगड नर्मदेचाच, घासणारे हात माणसाचे. आजोबांच्या वेळचा बाण घरात असेल, तर तो जपा.

नर्मदेतलं दुसरं बेट पाहायचं तर त्यासाठी वेगळा दिवस हवा. मांधाताहून पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटरवर महेश्वर. अहिल्याबाईंनी १७६७ मध्ये इथून कारभार सुरू केला आणि १७९५ मध्ये त्या इथंच गेल्या. त्यांच्या वाड्याखालच्या घाटावर उभं राहिलं की नदीच्या मधोमध एका खडकावर बाणेश्वराचं छोटं देऊळ दिसतं. बेट म्हणावं तर एवढंसंच, पाच-पन्नास माणसं उतरली की भरून जाईल. नावेतून दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. पृथ्वीच्या मध्याला ध्रुवताऱ्याशी जोडणारी रेघ या देवळातून जाते, असं नावाडी सांगतो. ती रेघ असो नसो, मावळतीला बाणेश्वरावरून घाटाकडे पाहिलं तर होळकरांनी नदीला सन्मुख ठेवून हे शहर कसं रचलं, ते एका दृष्टिक्षेपात ध्यानात येतं. काठावरून ते तसं दिसत नाही.

महेश्वर आणि मांधाता यांच्यात एक जुना वादही आहे. पुराणांतली माहिष्मती नगरी कोणती? बहुतेकांचं उत्तर महेश्वर. पण संस्कृतचे अभ्यासक पार्गिटर यांनी मांधाताच्या बाजूने मत दिलं. कालिदासाने रघुवंशात रेवा नदी माहिष्मतीच्या तटाला मेखलेसारखी वेढते असं वर्णन केलं आहे आणि चहूबाजूंनी नदीने वेढलेली जागा नर्मदेवर मांधाताच. उत्खननांनी महेश्वर-नावडातोडीचं प्राचीनत्व भक्कम दाखवल्यामुळे आज पारडं तिकडे झुकतं. तरीही सिद्धनाथाच्या चौथऱ्यावर बसून दोन्हीकडचं पाणी पाहताना पार्गिटरचं म्हणणं पटू लागतं, हे मला कबूल केलं पाहिजे.

तिसरं बेट निसर्गाने घडवलेलं नाही. खंडव्याहून मुंदीच्या बाजूला गेलं की दूरवर वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. दीपनगरच्या माणसाला क्षणभर घरी आल्यासारखं वाटेल. हे संत सिंगाजी औष्णिक विद्युत केंद्र, क्षमता २,५२० मेगावॅट. ज्यांचं नाव त्याला दिलं ते सिंगाजी सोळाव्या शतकातले निमाडचे संत. गवळी घरात जन्मलेले, गुराख्यांचे आणि शेतकऱ्यांचे. त्यांची निमाडी पदं आजही मृदंग-झांजेवर रात्र रात्र गातात. आपल्या भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ती बैठक अजिबात परकी वाटणार नाही. त्यांची समाधी पिपल्या गावात होती. इंदिरा सागरचं पाणी चढलं आणि त्या पाण्याने सुमारे नऊशे चौरस किलोमीटर मुलूख व्यापला. २००४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर हरसूदसारखं वीस हजारांहून अधिक वस्तीचं गाव रिकामं करावं लागलं. माणसांनी आपल्याच हातांनी घरं पाडून चौकटी आणि पत्रे ट्रॅक्टरवर लादले. पिपल्याही गेलं. समाधीची जागा तेवढी उंच बांधकाम करून राखली आणि आज ती चहूकडे पाणी असलेलं बेट आहे.

तिथं जाताना दोन्ही बाजूंना निळंशार पाणी पसरलेलं असतं. कडेला मासेमारांच्या होड्या, मधेच पाण्याबाहेर डोकावणारी वाळलेली झाडं. दृश्य देखणं आहे आणि सरकारने जवळच हनुवंतियाला याच पाण्यावर पर्यटन केंद्रही उभारलं आहे. तिथं बोटिंग करायला माझी ना नाही. पण ज्या बेटांवर ती बोट नेतात, ती वीस-बावीस वर्षांपूर्वीपर्यंत टेकड्या होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी शेतं होती, हे मुलांना तिथंच सांगितलं पाहिजे. खालच्या ओंकारेश्वर धरणाची पातळी वाढवण्याविरुद्ध २०१२ मध्ये घोगलगावचे लोक सतरा दिवस पाण्यात उभे राहिले होते, हेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे हतनूरच्या बुडितात घरं-शेतं गेलेल्यांच्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सिंगाजीला जायचं तर शरद पौर्णिमेच्या सुमाराला जावं. तेव्हा मोठी जत्रा भरते. निमाडभरातून लोक निशाणं खांद्यावर घेऊन पायी येतात, समाधीला तूप वाहतात, गुरांसाठी मागणं मागतात. मुक्कामाची सोय आधी करून ठेवावी, कारण त्या रात्री खंडव्याला परतणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही.